रांजणाचं तोंड

रिकोतीच्या घाटाखाली झालिको रांजण घडवतो,
माणूस आत उभा राहील एवढे.
वीतभर थर चढवायचा, वाळू द्यायचा,
मग पुढची वीत. घाई केली की पोट फुटतं.
भाजून झालं की आतून मेण फिरवायचं
आणि गळ्यापर्यंत पुरायचं जमिनीत.
वर उरतं फक्त तोंड.

त्याची वेबसाइट माझी.
बारा वर्षांपूर्वी, कुताइसीत,
हीटरला पाय लावून लिहिलेली, पीएचपीत.
तेव्हा पीएचपी म्हणताना कोणी आवाज खाली करत नसे.

चेरी फुलल्या तेव्हा जावई आला तिबिलिसीहून,
तेइमुराझ, पांढरे बूट, चिखलात जपून पाय टाकणारा.
म्हणाला, "शोधात आपण नवव्या पानावर.
भाषा जुनी आहे ना."
झालिकोनं माझ्याकडे पाहिलं. "कुठली भाषा? आपली?"

मी सांगायला गेले.
काका, रात्री एक यंत्र येतं, दारोदार फिरणारं.
त्याच्या हातात तुमच्यासारखाच लांब दांड्याचा भोपळा.
तोंडातून आत सोडतं, येईल ते वर काढतं, चाखतं, जातं.
आडात असेल ते पोहऱ्यात येतं;
पोहरा आडाला विचारत नाही
तुझे दगड कुणी रचले.

"मग नववं पान का?"

का म्हणजे,
मापं आणि किमती तुम्ही पाटीवर खडूनं लिहिल्यात
आणि तिचा फोटो लावलाय.
फोटोतलं अक्षर त्याला दिसलं तर दिसलं.
का म्हणजे, पहिलं पान उघडायला अकरा सेकंद लागतात,
तुमच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचे
एकसष्ट फोटो तिथे आहेत.
का म्हणजे, "रांजण" हा शब्दच अख्ख्या साइटवर नाही.
सगळीकडे "आमची परंपरा".

हे शेवटचं त्याला लागलं. तो उठून भट्टीकडे गेला.

तेइमुराझनं तीन महिन्यांत सगळं नव्या भाषेत लिहून घेतलं.
देखणं झालं, खोटं का बोलू.
पान आधी कोरं यायचं आणि मग डोळ्यांदेखत भरायचं.
यंत्र कोरं असतानाच येऊन गेलं असावं.
जुने पत्तेही मोडले त्यानं,
नव्या दाराकडे बोट दाखवणारी एक पाटी ठेवली नाही.
द्राक्षं तोडायच्या दिवसांत
आम्ही नवव्या पानावरही नव्हतो.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते, दोन दिवस बरं वाटलं.

मग माझंच जुनं पुन्हा वर काढलं, तेच, पीएचपीतलं.
एकसष्टांतले साठ फोटो काढले;
बाळ रडतंय तो ठेवला, म्हातारा हटूनच बसला.
पाटी पुसून अक्षरं टंकली:
मातीचा रांजण, द्राक्षांच्या वाइनसाठी, आठशे लिटर.
जॉर्जियनमध्ये, मग जर्मनमध्ये,
मग शब्दकोश मांडीवर घेऊन इटालियनमध्ये.
ही भाषा मात्र विचारली जाते, काका.

आता चौथं पान आहे. कधी पाचवं.
स्लोव्हेनियातल्या एका बाईनं विचारलंय,
मेण कोणत्या मधमाश्यांचं.

काल त्यानं मला खड्ड्याशी बसवलं, पेला भरला.
"टेकडीमागची माती घेतली तर वाइन वेगळी लागते," म्हणाला.
"पिणाऱ्याला कळत नाही. पण लागते.
तुझ्या भाषेचं तसं काहीच नाही?"

मी दोन घोट घेतले.
रात्री दोन वाजता सगळं कोसळतं,
तेव्हा अंधारात हात घालून
कुठली ओळ कुठे आहे ते ज्याला सापडतं,
त्याला पडतो फरक, म्हटलं.
यंत्राला नाही.

तो भोपळा पुन्हा खाली सोडत म्हणाला,
"यंत्राचं कोण विचारतंय?"